वर्गणीदार : एक

या, अशा जवळ सरकून बसा. माझा आवाज आता लांब पोचत नाही, आणि ही गोष्ट मोठ्यानं सांगावी अशी नाहीच. महिपतीबुवांची कथा सांगते तुम्हाला. कीर्तनात आधी नमन होतं, मग निरूपण, मध्ये बुक्का लावतात आणि मग आख्यान लागतं. निरूपण करण्याइतकी माझी योग्यता नाही. मी तीस वर्षं टेलिफोन खात्यात कारकुनी केली आणि तितकीच वर्षं देवळात मांडी घालून ऐकलं, एवढीच माझी पुंजी. तेव्हा सरळ आख्यानालाच हात घालते. काही चुकलं तर पांडुरंग सांभाळून घेईल.

बिबवेवाडीत आमच्या गल्लीच्या टोकाला विठ्ठलाचं देऊळ आहे. पुढे पत्र्याचा मंडप, मंडपाला लागून झेरॉक्सचं दुकान. त्या मंडपात महिपतीबुवा दर एकादशीला संध्याकाळी कीर्तनाला उभे राहायचे. नारदीय कीर्तन, पांढरं धोतर, गळ्यात उपरणं, हातात चिपळ्या. बाहेर रिक्षावाले हॉर्न वाजवत असायचे, दुकानाचं यंत्र खर्र खर्र करत असायचं, आणि बुवांनी आलाप घेतला की मला तरी त्यातलं काही ऐकू यायचं नाही. मी लग्न होऊन या गल्लीत आले ती सासरी रुळले कमी आणि त्या मंडपात रुळले जास्त. आमचे हे म्हणायचे, "हिला स्वयंपाकाला उशीर झाला की समजावं, आज एकादशी."

बुवांच्या मागे पेटीवर त्यांची मुलगी बसायची, मुक्ताई. आई लहानपणीच गेली. बुवांनी तिला अक्षरांच्या आधी सूर शिकवले असं आम्ही म्हणायचो, आणि ते फारसं खोटं नव्हतं. परकरी पोर असताना पेटीमागून नुसते डोळे दिसायचे तिचे. दोघांना एकमेकांकडे बघावं लागत नसे. बुवांनी कुठलं पद काढायचं हे अजून ठरवलेलं नसायचं आणि हिची बोटं त्या पट्टीवर जाऊन बसलेली असायची. मुक्ताई हुशारही होती. इंजिनीअर झाली. तेव्हा हिंजवडीला नव्या नव्या कंपन्या येत होत्या, तिथे लागली. सकाळी स्वारगेटवरून कंपनीची बस पकडायची ती संध्याकाळी दमून यायची. पण एकादशी चुकवली नाही तिनं.

आता तो दिवस सांगते. गोकुळाष्टमीचा उत्सव होता. मंडप भरलेला, बाहेर रस्त्यावरही खुर्च्या मांडलेल्या. मुक्ताईची बस कुठेतरी अडकली. बुवांनी वाट बघितली, मग तसंच पेटीशिवाय सुरू केलं. निरूपण रंगात आलं होतं आणि मुक्ताई आली. अंगावर ऑफिसचेच कपडे, जीन्स, गळ्यात ते कंपनीचं कार्ड लोंबतंय, घाम आलेला. चोरासारखी कडेकडेनं पेटीकडे जायला लागली.

बुवांनी चिपळ्या थांबवल्या.

"या, या! कंपनी सरकार आलं. श्रोतेहो, वाट द्या. यांच्या गळ्यात काय आहे बघितलंत का? आपल्या गळ्यात तुळशीची माळ, यांच्या गळ्यात पट्टा! माळेवर कोणाचं नाव नसतं. पट्ट्यावर असतं. का? तर हरवल्या तर मालकाकडे पोचवता याव्यात म्हणून!"

मंडप हसला. बाहेरच्या खुर्च्याही हसल्या. तुम्ही कीर्तनं ऐकली असतील तर तुम्हाला माहीत आहे, कीर्तनकाराला हा अधिकारच असतो. झोपणाऱ्याला टोमणा, उशिरा येणाऱ्याला टोमणा. लोक त्याचीही वाट बघत असतात, आणि ज्याला बसला तोही हसून सोडून देतो. बुवांनी या अधिकारानं गावातल्या नगरसेवकालाही सोडलं नव्हतं. पोटच्या पोरीला वेगळं माप कशाला, असं त्यांना वाटलं असणार.

मुक्ताई पेटीपाशी बसली. गळ्यातलं कार्ड काढून पर्समध्ये ठेवलं. शेवटच्या आरतीपर्यंत वाजवलं, एक सूर चुकला नाही. मग पेटीवर तिचं निळं कापड घातलं आणि पायऱ्या उतरून चपला शोधायला लागली. मी शेजारीच होते.

बुवा मागून आले. "अगं, रागावलीस होय? कीर्तनात थट्टा असतेच. लोकांना डुलकी लागू नये म्हणून."

"लोक जागे झाले ना, बाबा?" ती म्हणाली. "मग झालं."

त्यानंतर ती पेटीवर बसली नाही. सहा-सात महिन्यांत कंपनीनं तिला अमेरिकेला पाठवलं, डलासला. पुढे तिथेच नोकरी बदलली, तिथेच कोणाशी तरी लग्न केलं. बुवांना हे तिऱ्हाइताकडून कळलं. जाताना माझ्या पाया पडायला आली तेव्हा मला एक नंबर देऊन गेली आणि नंतर बदलला की नवाही कळवत राहिली. "काकू, फक्त काही झालं तरच करा," म्हणून. बुवा त्यांच्याजवळच्या नंबरावर फोन लावायचे. घंटा जायची, उचलायचं कोणी नाही.

तीनएक वर्षं अशी गेली. मग माझ्या वरच्या खोलीत उत्तरेश्वर भाड्यानं राहायला आला. लातूरकडचा, निलंग्याचा. तोही कंपनीतला, पण गावची सवय सुटलेली नव्हती. देवळात टाळ वाजायला लागले की जिना धाडधाड उतरून यायचा. पहिल्या एकादशीलाच बुवांवर खूश झाला. म्हणाला, "बुवा, हे असं हवेत सोडून देताव तुम्ही? लई पाप आहे. मी रेकॉर्ड करतो. तुमची साइट काढू. जगात कुठंही ऐकता येईल."

आमच्या शेजारच्या ललिताबाई तिथेच वाती वळत बसल्या होत्या. म्हणाल्या, "का रे बाबा, जगाला आहे तो त्रास कमी आहे?"

पण त्यानं काढली साइट. एका शनिवारी, त्याच्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी आम्हाला वर बोलावलं. बुवा खुर्चीत, मी आणि ललिताबाई त्याच्या कॉटवर. पडद्यावर बुवांचा फोटो, खाली एकच कीर्तन चढवलेलं. आणि एका कोपऱ्यात नारिंगी चौकोन, त्यात पांढऱ्या कमानी.

"हे आरएसएस," उत्तरेश्वर म्हणाला.

"म्हणजे पहाटे उठून शाखेत जायचं?" ललिताबाईंनी विचारलं.

"नाही हो मावशी! हे वेगळं. आता असं बघा, एखाद्याला बुवांचं कीर्तन आवडलं. तर रोज येऊन नवीन काही आलंय का, नवीन काही आलंय का, असं बघत बसायचं का त्यानं? तो ह्या खुणेवर एकदा टिचकी मारणार. त्याच्याकडे रीडर म्हणून एक सोय असते. आपण इथं नवं कीर्तन चढवलं की तिकडं त्याच्या रीडरमध्ये ठळक अक्षरात आपोआप दिसतंय. पेपरवाला कसा दाराला पेपर अडकवून जातो, तसं."

बुवा लक्ष देऊन ऐकत होते. "म्हणजे वर्दी," ते म्हणाले.

"हां, वर्दीच म्हणा."

"कोणाकोणाला वर्दी जाते ते आपल्याला दिसतं?"

"नावं नाही दिसत. किती जणांना जाते तो आकडा दिसतो. हे बघा खाली. वर्गणीदार."

"वर्गणी कसली? कथेचे पैसे मी कधी घेतले नाहीत."

"फुकटची वर्गणी आहे, बुवा. नुसतं म्हणायचं तसं."

बुवांनी चष्मा पुसला आणि वाकून पाहिलं. तिथे लिहिलं होतं, वर्गणीदार : १.

तो एक कोण होता हे मला फार पुढे कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकते, उगाच गाठ मारून ठेवत नाही. तो उत्तरेश्वरच होता. सगळं नीट चालतंय का हे बघायला त्यानंच आदल्या दिवशी स्वतःची वर्गणी लावून घेतली होती. तो सांगणारही होता. तोंड उघडलं होतं त्यानं. पण बुवांनी हात वर केला.

"थांब. सांगू नकोस. मला कळलं."

आणि त्यांचा चेहरा असा झाला, काय सांगू! मूर्तीवरचं कापड काढल्यावर गाभाऱ्यात जसं होतं तसं. ते हळूच म्हणाले, "साइट निघाली काल. आणि एका दिवसात वर्दी मागितली. ती त्याच कामात आहे. कॉम्प्युटरवर काय नवं आलं ते तिला आधी कळणार."

ज्याला कॉम्प्युटर म्हणजे एकच मोठं गाव वाटतं, आणि त्या गावातली सगळी माणसं एकमेकांना ओळखतात असं वाटतं, त्यालाच असं सुचू शकतं. उत्तरेश्वरनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं पोरगा भारावलाय. तो गप्प राहिला.

मी जिन्यात बुवांना म्हटलं, "मुक्ताईला फोन लावू का मी? माझ्या नंबरावरून उचलेल."

"नको, श्यामलाबाई. ती ऐकते आहे, तेवढं पुरे. बोलायला लावलं तर ऐकायचंही सोडेल."

"निदान साइटचा पत्ता तरी..."

"पत्ता असल्याशिवाय का वर्दी मागितली तिनं?"



पुढच्या एकादशीला बुवांनी नवं आख्यान लावलं. कुठल्या पुराणात नाही ते; त्यांनीच रचलेलं. एक राजा होता, त्याची लेक वीणा वाजवायची. राजाची भर दरबारात जीभ घसरली. लेकीला दासी म्हणाला. दरबार हसला. लेकीनं वीणा खाली ठेवली आणि नगराच्या वेशीबाहेर चालती झाली. दुसऱ्या दिवशी राजानं मुकुट काढून ठेवला आणि वेशीवर जाऊन बसला. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचा, माझी लेक दिसली का? बुवा हे सांगत होते तेव्हा मंडपात कोणाच्या डोळ्यांत पाणी नव्हतं असं नाही. सगळ्यांना माहीत होतं राजा कोण आणि लेक कोण. रेकॉर्डर कुठे ठेवावा असा प्रश्न आला तेव्हा बुवांनीच तो मिटलेल्या पेटीवर ठेवायला लावला होता. त्याचा तांबडा दिवा लागायचा आणि बुवा त्या दिव्याकडे बघून गायचे.

आणि राजा वेशीवर बसलेला असतानाच त्यांनी आरतीला हात घातला.

हे विपरीत होतं. आख्यान असं सोडायचं नसतं. हरवलेला घरी आला पाहिजे, तुटलेलं जोडलं गेलं पाहिजे, मग आरती. अर्धवट आख्यान ऐकून श्रोत्यानं उठून घरी जाणं चांगलं नाही, असं बुवांनीच आम्हाला शिकवलेलं. आम्हाला वाटलं पुढच्या वेळी पुरं करतील. पुढच्या एकादशीला राजा पुन्हा वेशीवर. त्या वेळी आख्यानात उन्हाळा होता, राजाला ऊन लागत होतं. त्यापुढच्या वेळी थंडी. व्यापारी आले, वाणी आले, कोणाला लेक दिसली नव्हती. असं वर्ष गेलं, दुसरं गेलं. पदं नवी असायची, चाली नव्या असायच्या, आणि काय एकेक चाल! पण राजा काही उठायचा नाही.

ललिताबाई एकदा मंडपातच म्हणाल्या, "बुवा, त्या राजाला आता घरी न्या हो. दगडावर बसून बसून मूळव्याध होईल त्याला."

लोक हसले. बुवा हसले नाहीत. "राजाच्या हातात नाही ते, ललिताबाई. हे आख्यान लेकीनं पुरं करायचं आहे."

"लेक नाही आली तर?"

"येते ती. दर खेपेला येते," बुवा म्हणाले आणि तांबड्या दिव्याकडे पाहिलं.

माणसं कमी व्हायला लागली. मी त्यांना दोष देत नाही. दिवसभर दमून आलेल्या माणसाला एक गोष्ट पुरी ऐकायची असते, आणि बुवा आता आमच्याकडे बघतही नव्हते. पूर्वी बुक्का लावताना एकेकाची चौकशी करायचे, नातवाचा ताप उतरला का, गुडघा कसा आहे. आता हात कपाळाला लागायचा आणि नजर पेटीवर. समोर पन्नास होते त्याचे वीस झाले, मग आठ. देवळाच्या मंडळानं एकादशीची संध्याकाळ एका भजनी मंडळाला देऊन टाकली, त्यांच्याकडे माइकची चांगली व्यवस्था होती. बुवांना दुपारची वेळ दिली. दुपारी आम्ही चार-पाच म्हाताऱ्या यायचो आणि झेरॉक्सचं यंत्र.

बुवांना त्याचं काही वाटलं नाही. शनिवारी सकाळी जिना चढून यायचे, उत्तरेश्वरच्या खुर्चीत बसायचे आणि आकडा बघायचे. मधूनमधून तो वाढायचा. चार झाले, एकदा नऊ झाले. बुवा म्हणायचे, "बाकीचे कोणीही असोत, आनंद आहे. पहिला आपला आहे." मग मी केलेला चहा प्यायचे आणि तिला काय आवडलं असेल, काय नसेल, यावर बोलत बसायचे. "मागच्या खेपेला पद जरा लांबलं. तिला लांबण आवडत नाही." उत्तरेश्वर मान खाली घालून ऐकायचा. त्या वेळी मला वाटायचं, किती श्रद्धेनं ऐकतो हा मुलगा.

सन दोन हजार तेराची गोष्ट. आषाढ लागायचा होता. शनिवार. बुवा येऊन बसले, मी खाली चहा टाकून वर गेले होते. उत्तरेश्वर तोवर कंपनीत बराच वर चढला होता, फोनवर बोलत खिडकीपाशी उभा होता.

"उत्तरेश्वर," बुवा म्हणाले, "हे पान नीट उघडलं नाही वाटतं."

"का, बुवा?"

"इथे शून्य दिसतंय."

उत्तरेश्वर आला, वाकला. मग त्यानं फोन खिशात ठेवला आणि कपाळावर हात मारला. "अरे देवा. बंद झालं ते! तो रीडर... बुवा, ती फुकट सोय होती ना, जिच्यात वर्दी यायची? ती त्या कंपनीनं बंद केली. जगभराची बंद झाली. आधी सांगितलं होतं त्यांनी, माझ्याच डोक्यातून गेलं. तो आकडा तिकडूनच यायचा. ती सोय गेली, आकडा गेला."

"पण माणसं तर आहेत ना? सोय गेली तर माणूस दुसरी सोय बघतो."

"बघतो की. पुष्कळ जणांनी दुसरीकडं हलवलं."

"मग तिनं का नाही हलवलं?"

बुवा पडद्याकडेच बघत होते. "उठून गेली," ते म्हणाले. "किती वर्षं बसवून ठेवलं मी तिला. कंटाळली. आख्यान पुरं होईना म्हणून उठून गेली."

मग उत्तरेश्वर त्यांच्या पायाशी खाली बसला. फरशीवर. म्हणाला, "बुवा, तो पहिला आकडा माझा होता. चालतंय का बघायला मीच लावली होती वर्गणी. मुक्ताताई नव्हत्या. मी त्याच दिवशी सांगणार होतो."

बुवांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि चक्क हसले. "तू मनानं चांगला आहेस रे. म्हाताऱ्याला लागू नये म्हणून ती आलीच नव्हती असं सांगतोस."

"देवाशप्पथ सांगतो, बुवा."

"देवाची शपथ घेऊ नकोस."

"ही बघा माझी वर्गणी. ही तारीख बघा." त्यानं काहीतरी उघडून दाखवलं. बुवांनी पाहिलं. त्यांना किती समजलं कोण जाणे, पण हात त्याच्या डोक्यावरून निघाला आणि मांडीवर येऊन पडला.

"मग मी इतकी वर्षं कोणाला सांगत होतो?"

खोलीत आम्ही तिघं.

मी म्हटलं, "बुवा, मी आत्ता लावते फोन. विचारूनच टाकू."

"नाही," ते म्हणाले. "ऐकत होते म्हणाली, तर ती उठून गेली. नव्हते म्हणाली, तर ती आलीच नव्हती. यातलं एकही ऐकायची ताकद माझ्यात नाही, श्यामलाबाई." मग उत्तरेश्वरला म्हणाले, "पुसून टाक."

"काय?"

"सगळं. साइट, कीर्तनं, तुझ्या यंत्रात असतील ती, त्या रेकॉर्डरमधली."

"राहू द्या की, बुवा! तुम्हाला काय भार होतोय त्याचा?"

"अर्धवट आख्यान आहे ते. असं कोणाच्या घरात ठेवू नये. मी पुरं करणार नाही, दुसरं कोणी करायला येणार नाही. पूस."

उत्तरेश्वरनं एकेक पुसलं. बुवा शेजारी बसून होते. प्रत्येक वेळी ते यंत्र विचारायचं, नक्की पुसायचं का, आणि उत्तरेश्वर बुवांकडे बघायचा, आणि बुवा मान हलवायचे. शेवटी मी खाली जाऊन देवाचं नाव घेत बसले. दुसरं काय करायचं सुचेना.

त्या संध्याकाळी मी त्याला जिन्यात गाठलं. हळूच विचारलं, "एखादं तरी ठेवलं असशील ना रे मागे?" तो रडायला लागला. म्हणाला, "एकदा गप्प राहिलो काकू, त्याचं हे असं झालं. पुन्हा त्यांच्यासमोर बसून लबाडी नाही झाली माझ्याच्यानं."

बुवा पुन्हा कीर्तनाला उभे राहिले नाहीत. त्यांना आजार असा काही निघाला नाही. बोलणं कमी केलं, मग जेवण. मी डबा न्यायची, तसाच परत यायचा. मी त्यांना सांगायची, देव ऐकत होता हो, देवानं सगळं ऐकलं. ते म्हणायचे, "देवाचं काय, त्याला ऐकावंच लागतं." आयुष्यभर ज्यांच्या तोंडून हरिनाम ऐकलं त्यांच्या तोंडून हे ऐकलं मी. कार्तिकात गेले. आदल्या दिवशी मला ओळखलंही नाही.

दहन झाल्यावर मी घरी येऊन आंघोळ केली आणि मुक्ताईला फोन लावला. तिनं उचलला. "मुक्ते, श्यामलाकाकू," म्हटलं, आणि पुढचं तिला कळलं. फक्त विचारलं, "कधी?"

"आज पहाटे गं."

"हं." मग विचारलं, "शेवटपर्यंत कीर्तन चालू होतं?"

"नाही. सोडलं होतं."

"सोडलं? का?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, साइट, वर्दी, तो एक.

"काकू, मला कोणी सांगितलंच नाही."

"त्यांना वाटलं तुला ठाऊकच असणार. तू त्याच कामातली."

"मी बँकांची सॉफ्टवेअरं तपासते, काकू." हसल्यासारखा आवाज आला, पण ते हसणं नव्हतं.

"कळलं असतं तर ऐकलं असतंस?"

"माहीत नाही. खरंच माहीत नाही." मग म्हणाली, "एखादं आहे का? एक तरी? मला पाठवा."

"नाही गं. एकही नाही."

"मग तुम्ही सांगा. तुम्ही समोर होतात ना? कसं म्हणायचे ते सांगा."

मी सांगायला लागले. राजा, दरबार, वीणा, वेस. पदाचे शब्द आठवले मला, पण चाल येईना. इतकी वर्षं ऐकलेली चाल, मी तोंड उघडलं आणि नुसते शब्दच पडत गेले, खात्यात परिपत्रक वाचावं तसे. लाज वाटली मला. तरी म्हणत राहिले.

"वरच्या सुरावर बाबांचा श्वास पुरत नसे," मुक्ताई एकदम म्हणाली. "तिथे मी पेटी भरायचे, कोणाला कळायचं नाही. नंतर तिथे कोण भरायचं?"

"कोणी नाही. तिथे ते गप्प व्हायचे आणि पुन्हा सुरू करायचे."

मग तिनं विचारलं, "राजाचं पुढे काय झालं?"

"पुढचं त्यांनी रचलंच नाही. ते तू पुरं करायचं होतंस."

"मला नाही येणार, काकू," ती म्हणाली. "ठेवते."

त्यानंतर मी किती वेळा फोन लावला. घंटा जाते. ती उचलत नाही. उत्तरेश्वर कर्वेनगरला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला गेला. येतो सणावाराला, पण देवळाच्या बाजूनं येत नाही, मागच्या गल्लीनं येतो.

मंडपात आता बुवांची तसबीर आहे. एकादशीला तिला हार असतो. येणारे-जाणारे हात जोडतात आणि म्हणतात, केवढा माणूस, आणि पोरीनं शेवटी तोंडसुद्धा दाखवलं नाही. बुवांची आठवण काढायला पुष्कळ आहेत. तुमच्याकडे माझं मागणं वेगळं आहे. कुठे कीर्तनाला बसलात, आणि मागे पेटीवर एखादी पोर दिसली, तर आमच्या मुक्ताईची आठवण काढा. तिला कळणार नाही. तरी काढा.